दुसरा रिमोट कुठंय?

आमच्या ऑफिसात शुक्रवारी चार-साडेचारला काम संपतं. म्हणजे काम संपत नाही, करायची इच्छा संपते. मग व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर कोणीतरी तो ठेवणीतला प्रश्न बाहेर काढतो, "पाच-सहा हजारांत जुने गेम खेळायला कुठला हॅंडहेल्ड घेऊ?" झालं! पुढचे दोन तास सगळे तुटून पडतात. एक जण मियू मिनी प्लसचा भक्त. दुसरा अ‍ॅनबर्निकवाला. तिसऱ्याचं म्हणणं असं की ही सगळी पोराटोरांची खेळणी आहेत, थोडे पैसे टाक आणि रेट्रॉइड घे. (या तिसऱ्याचं प्रत्येक बाबतीत 'थोडे पैसे टाक' असतं. फ्लॅटच्या बाबतीतसुद्धा.)

मी या लढाईतला जुना शिपाई. मी तर यासाठी एक एक्सेल केलं होतं. चौदा कॉलम. चिप, कोअर, रॅम, स्क्रीन किती इंच, रिझोल्युशन, बॅटरी, वजन, वायफाय आहे की नाही, अ‍ॅनालॉग स्टिक आहे की नाही, प्लेस्टेशन १ चालतं का, पीएसपी चालतं का, ड्रीमकास्ट चालतं का, वगैरे. प्रत्येक कॉलमला वेटेज, शेवटी शंभरपैकी गुण. त्या गुणांच्या जोरावर दोन वर्षांत मी स्वतः तीन यंत्रं घेतली आणि ग्रुपमधल्या निदान चौघांना घ्यायला लावली.

ते एक्सेल चूक होतं. एखादा आकडा चुकला असता तर दुरुस्त करून टाकला असता, इथे पायाच वाकडा होता. आणि नुसतं माझंच नाही. यूट्यूबवर 'बजेट हॅंडहेल्ड' म्हणून जेवढ्या तुलना मी बघितल्या त्या सगळ्यांचा पाया आपल्यापुरता वाकडा आहे. आपल्यापुरता म्हणजे कोणापुरता, तेच सांगायला बसलोय. ज्या चौघांना मी खर्चात पाडलं त्यांची आधीच माफी मागून टाकतो.

*

या तुलना करणारा माणूस बहुतेक वेळा अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमधे असतो. दाढी, मागे शेल्फवर रंगीबेरंगी डबे, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हे यंत्र हातात घेतलं आणि मी परत दहा वर्षांचा झालो. त्याचं खरंही असेल. तो दहा वर्षांचा असताना गाडीच्या मागच्या सीटवर बसून गेम बॉय खेळत होता. एकटा, कानाला हेडफोन लावून. म्हणून त्याला हवंय ते यंत्र खिशात मावणारं, एका माणसाचं, गेम बॉयसारखं दिसणारं. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे.

आता माझं दहावं वर्ष. गाव घनसावंगी, तालुका तोच, जिल्हा जालना. मागची सीट सोडा, गाडीच नव्हती. गेम बॉय मी पहिल्यांदा बघितला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, तोही लॅपटॉपवर, फोटोत. घनसावंगीत कोणाकडे गेम बॉय असल्याचं मी कधी ऐकलं नाही. हातात धरायचा गेम म्हणाल तर एकच, तो 'ब्रिक गेम', खाली पडणाऱ्या विटांचा, करड्या स्क्रीनचा. मला तो जांब समर्थला रामनवमीच्या यात्रेत मिळाला होता. रामदास स्वामींचं जन्मगाव ते, आमच्याच तालुक्यात. आई आणि पप्पा दर्शनाच्या रांगेत आणि माझे डोळे बाहेरच्या खेळण्यांच्या दुकानावर. डब्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं होतं. मी मोजायला बसलो होतो. अंगाला माती लावून सांगतो, आठाच्या वर नव्हते.

पण खरा गेम तो नव्हे. खरा गेम म्हणजे टीव्ही गेम.

मी तिसरीत होतो, म्हणजे २००५. पप्पांनी जालन्याहून एका पिशवीत तो आणला. राखाडी रंगाचा प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट (जगात त्याला कंट्रोलर म्हणतात हे नंतर कळलं), एक पिवळी कॅसेट आणि एक अ‍ॅडॅप्टर जो अर्ध्या तासात इस्त्रीसारखा तापायचा. डब्यावर कसलंतरी जपानी वाटणारं नाव होतं. मोठ्या शहरांतल्या मित्रांनी पुढे सामुराई, मीडिया अशी नावं सांगितली, आमच्या डब्याला तेवढीही इभ्रत नव्हती. जग तेव्हा प्लेस्टेशन २ खेळत होतं. आम्ही खेळत होतो ते मशीन जपानात निन्टेंडोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. बावीस वर्षांनी ते घनसावंगीला पोचलं, आणि पोचलं कारण तोपर्यंत ते अख्खं मशीन एका चिपवर मावायला लागलं होतं. पुढे तो डबा मी खोलला तेव्हा आत जवळजवळ काहीच नव्हतं. एक छोटी पाटी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. त्या गोळ्याखाली सगळं आलं, मारिओ, कोंट्रा, रोड फायटर, सर्कस आणि आमचा लाडका टँक.

आणि हे खेळायचं कसं? तर लाइट असेल तेव्हा. ज्यांनी त्या काळात मराठवाड्यात दिवस काढलेत त्यांना लोडशेडिंगबद्दल वेगळं सांगायला नको. वेळापत्रक भिंतीवर खडूने लिहिलेलं असायचं. लाइट येणार साडेचारला, म्हणून चार वाजल्यापासून आमच्या घरात सात-आठ पोरं. दोन रिमोट, म्हणजे एका वेळी दोघं. बाकीचे नंबर लावून. मेला की रिमोट द्यायचा. रिमोट न देणाऱ्याच्या आईला हाक मारायची. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे एक नंबरचा रिमोट कायम तिच्याकडे. पॉज आणि सुरू करायचं बटण एक नंबरच्याच रिमोटला असायचं ना! दोन नंबरच्या रिमोटवाला म्हणजे घरजावई.

माझ्या आठवणीत गेम तेवढाच आहे, बाकी सगळा दुसरा रिमोट आहे.

*

तर २०२४ ची दिवाळी. मी पुण्याहून घरी जाताना मियू मिनी प्लस घेऊन गेलो. माझ्या एक्सेलात तेव्हा ते पहिल्या नंबरावर होतं. आणि वस्तू म्हणून खरंच गोड आहे, नाही म्हणणार नाही. साडेतीन इंची ६४० बाय ४८० ची स्क्रीन, ३००० एमएएचची बॅटरी, तीही काढता येणारी, हातात घेतलं की वजन जाणवत नाही. २०२३ च्या सुरुवातीला हे आलं आणि त्याच्यावर लोकांनी लिहिलेली ओनियन नावाची सिस्टिम चालते. ती इतकी सुबक आहे की मी रोज जे सॉफ्टवेअर लिहितो त्याची लाज वाटावी.

भाऊबीजेला ताई आली. भाचा आला, वय वर्षं अकरा, एरवी आईच्या मोबाइलवर फ्री फायर मॅक्स. मी मोठ्या ऐटीत मियू काढलं. ताईला म्हटलं, "बघ, टँक!" ती एकदम उठून आली. स्क्रीनवर ते विटांचं मैदान, खाली मधोमध गरुड. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मेनूत 'टू प्लेयर्स' दिसलं आणि भाच्याने विचारलं,

"मामा, दुसरा रिमोट कुठंय?"

"नाहीये रे. एकालाच खेळता येतं यावर."

"कामून?"

आता याला काय उत्तर देणार! चौदा कॉलमांत हा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, टीव्हीला तरी जोडू. तर मियू मिनी प्लसला एचडीएमआय नाही. टीव्हीकडे जायची वाटच नाही. ताईने दहा मिनिटं खेळून बघितलं, भाचा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता, मी त्याच्या खांद्यावरून. मग ती म्हणाली, "छान आहे, पण तुझं तूच खेळ बाबा," आणि स्वयंपाकघरात गेली. भाचा मोबाइलकडे.

साडेपाच हजार रुपये.

*

पुण्याला परत येऊन ते एक्सेल परत उघडलं आणि या वेळी घनसावंगीच्या बाजूने बघायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की गुणांची यादी जवळजवळ उलटीच होते.

पहिली गोष्ट, ताकद. सगळ्या तुलनांमधे सर्वात जास्त वेळ यावर जातो. अमुक चिपवर ड्रीमकास्ट किती फ्रेमने चालतो, तमुकवर पीएसपीचा 'गॉड ऑफ वॉर' अडखळतो का. अरे बाबांनो, आपल्या त्या राखाडी डब्याच्या मूळ मशीनचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. रॅम २ किलोबाइट. मियूसारख्या 'अशक्त' म्हणून हिणवलेल्या यंत्रात १२०० मेगाहर्ट्झचे दोन कोअर आणि १२८ मेगाबाइट रॅम असते. नुसता क्लॉक साडेसहाशे पट, रॅम बरोबर ६५,५३६ पट. (आकडा बघून ज्याला बरं वाटलं तो आपला माणूस.) एम्युलेटरला मूळ मशीनपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते हे मान्य, पण इथे ती ओसंडून वाहते आहे. म्हणजे आपल्या कामासाठी या वर्गातली सगळीच यंत्रं पास. ज्या विषयात सगळेच पास त्या विषयाला सर्वात जास्त वेटेज देणारा मास्तर मी आणि यूट्यूबवाले सोडून दुसरा कोणी नसेल.

दुसरी, स्क्रीन. ६४० बाय ४८० च्या स्क्रीनवर एक ठरलेली कुरकूर असते की त्यावर गेम बॉय अ‍ॅडव्हान्स नीट बसत नाही. बरोबर आहे. त्याचं चित्र २४० बाय १६०. दुप्पट केलं की ४८० बाय ३२०, बाजूला काळ्या पट्ट्या. तिप्पट केलं की ७२०, मावत नाही. म्हणून मग लोक चौकोनी ७२० बाय ७२० ची स्क्रीन असलेलं पॉवकिडी आरजीबी३० सुचवतात, किंवा आणखी वरचं काहीतरी. आता आपलं गणित करा. फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०. दुप्पट केलं की ५१२ बाय ४८०. उंची बरोब्बर ४८०! एकही ओळ फाटत नाही, एकही पिक्सेल जाडा-बारीक होत नाही. जी स्क्रीन त्यांच्या आठवणीला तोकडी पडते ती आपल्या आठवणीच्या मापाने शिवलेली आहे. हे एकाही तुलनेत मी ऐकलेलं नाही, कारण तुलना करणाऱ्याला त्याची गरजच नाही.

तिसरी आणि खरी, दुसऱ्या माणसाची सोय. इथे मात्र पटापट गाळले जातात. मियू मिनी प्लसला एचडीएमआय नाही. आर३६एसला नाही. ट्रिमयूआय स्मार्ट प्रो, जवळजवळ पाच इंची देखणी स्क्रीन, त्यालाही नाही. अ‍ॅनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्सला मात्र २०२२ च्या पहिल्या मॉडेलपासून मिनी एचडीएमआय आहे, आणि २०२३ च्या शेवटी आलेल्या 'प्लस'मधे वर ब्लूटूथसुद्धा. म्हणजे केबलने टीव्हीला जोडा, दोन ब्लूटूथ पॅड घ्या आणि यंत्र टीव्हीशेजारी ठेवून द्या. झाला टीव्ही गेम. माझ्या जुन्या एक्सेलात 'प्लस' तिसरा होता, कारण मियूपेक्षा किंचित मोठा आहे. मोठा! जे यंत्र टीव्हीशेजारी पडून राहणार त्याचा आकार मी मिलिमीटरमधे मोजत होतो.

आर३६एसबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण ऑनलाइन दुकानांत सगळ्यात जास्त तेच दिसतं आणि तीन हजाराच्या आसपास मिळून जातं. खरं आर३६एस वाईट नाही. पण त्याच्या नकला इतक्या निघाल्यात की बाहेरून हुबेहूब तेच, आत चिप भलतीच, आणि लोकांनी लिहिलेल्या चांगल्या सिस्टिम त्याच्यावर चढतच नाहीत. माझ्या तीन यंत्रांतलं एक तेच. ज्या दुकानदाराकडून घेतलं त्याने 'ओरिजिनल' असं तीनदा लिहून दिलं होतं. मी चिडलो, भांडलो, आणि मग माझं मलाच हसू आलं. जपानी मशीनच्या चिनी नकलेवर लहानाचा मोठा झालेला माणूस, त्या नकलेची आठवण काढायला आणलेल्या यंत्राची नक्कल निघाली म्हणून रडतोय.

चौथी, घेणं. २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे बंदी आली. तेव्हापासून ही यंत्रं एकतर इथल्या विक्रेत्याकडून चढ्या भावाने घ्यायची, नाहीतर कंपनीकडून थेट मागवून कस्टमचा भुर्दंड भरायचा. त्यामुळे 'पन्नास डॉलरचं यंत्र' हे वाक्य ऐकलं की त्याला नुसतं डॉलरच्या भावाने गुणू नका, पुढे आणखी काहीतरी मिळवा. रेट्रॉइडवाला आमचा मित्र जे 'थोडे पैसे' म्हणतो ते इथे येईपर्यंत थोडे राहत नाहीत.

आणि पाचवं एक नाव, जे कुठल्याच प्रतिष्ठित यादीत नसतं, 'सप'. ते ४०० इन १ वालं, गेम बॉयच्या वळणाचं लाल-निळं-पिवळं खेळणं, पाचशे-सहाशेला मिळतं. यूट्यूबवाले याला कचरा म्हणतात. स्क्रीन फिकट, आवाज किरटा, गेम सेव्ह होत नाही, चारशेतले निम्मे गेम तेच ते. सगळं खरं. पण त्याला टीव्हीची पिवळी पिन आहे. दोन जणांच्या पाकिटात वायरचा दुसरा रिमोट येतो. आणि बॅटरी नोकियाच्या बीएल-५सी छापाची, म्हणजे गेली तर घनसावंगीच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळेल. ज्या साध्या प्रश्नापाशी माझं साडेपाच हजारांचं यंत्र गप्प बसलं त्याचं उत्तर हे सहाशे रुपयांचं खेळणं देतं. मी ते घ्या म्हणत नाही, त्याची बटणं खरंच चिकटतात. पण तुमच्या तुलनेत मियूला नव्वद आणि सपला दहा गुण मिळत असतील तर गुणपत्रिका तपासायला हवी.

*

आता इथे ग्रुपवर नेहमी येणारा आक्षेप, "हे सगळं कशाला? मोबाइल आहे की खिशात." मोबाइलवर एम्युलेटर चालतो, उत्तम चालतो. पण काचेवर अंगठा घासून कोंट्रा खेळून बघा, तिसरा जीव जायच्या आत मोबाइल फेकाल. टीव्हीला जोडायचं तर बहुतेक स्वस्त मोबाइलच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेरच येत नाही, आणि वायरशिवाय कास्ट केलं तर उडीचं बटण आत्ता दाबायचं आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारणार. त्यापेक्षा मग जुना लॅपटॉप काढा, रेट्रोआर्क टाका आणि दोन साधे यूएसबी पॅड आणा. हजार रुपयांत काम होतं. मी या गोष्टीला जास्त विरोध करणार नाही, कारण ती बरोबर आहे. फक्त आमच्याकडे लाइट अजूनही जाते, आणि ती गेली की साडेतीन इंची का होईना, एक पेटलेली स्क्रीन हातात असते. 'एक जीव तुझा, एक माझा' करत अंधारात बसता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो कोथरूडला वाढलेल्या माझ्या एका मित्राचा. "तुझ्या घनसावंगीचा नियम मला कशाला? माझ्याकडे प्लेस्टेशन होतं, मला 'टेकन ३'च हवाय." घे ना बाबा! माझं भांडण तुझ्याशी नाहीच. तुझं लहानपण ज्या मशीनवर गेलं ते चालेल असं यंत्र घे. माझं भांडण त्यांच्याशी आहे जे बीड, जालना, परभणी, नांदेडहून आले, माझ्यासारखेच काळ्या गोळ्याच्या डब्यावर वाढले, आणि आज हिंजवडीत बसून गेम बॉयच्या रंगाचं यंत्र घेऊन 'नॉस्टॅल्जिया' म्हणून स्टेटस टाकतात. कोणाचा नॉस्टॅल्जिया? तू तो पोकेमॉन तेव्हा बघितलास तरी होतास का, टीव्हीवरचं कार्टून सोडून? आणि चांगला गेम म्हणून नव्याने खेळायचा असेल तर तसं सांग, माझी काही हरकत नाही. आठवण म्हणून दुसऱ्याचीच खपवू नकोस.

हे मला लागतं त्याचं एक कारण सांगतो, जरा तांत्रिक आहे, सहन करा. २०२५ च्या दिवाळीत मी 'प्लस' आणि दोन पॅड घेऊन गेलो. टीव्हीला जोडलं, टीव्ही 'गेम' मोडवर टाकला, रोड फायटर लावला. ताई अर्धा मिनिट खेळली आणि म्हणाली, "हे एवढं पळतंय कामून?" मी म्हटलं, वय झालं तुझं. पण ती ऐकेना. गाणंसुद्धा घाईत वाटतंय म्हणाली.

पुण्याला येऊन शोधलं. ताई बरोबर होती! जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपला जुना पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. गेमचा वेग चित्रांवर मोजलेला. पाल देशांसाठी जे नकली डबे निघाले त्यांच्यात प्रोसेसर जवळपास मूळच्याच वेगाचा ठेवलेला, पण चित्रं सेकंदाला ५०. त्यामुळे सूर जवळपास तेच, पण खेळ आणि गाण्याची लय सहापैकी एक भाग हळू. म्हणजे मारिओ जपानी पोराने जेवढा जलद बघितला तेवढा आम्ही कधी बघितलाच नाही. आमचा मारिओ मुळात निवांत होता. (मराठवाड्याचाच म्हणायचा.)

आणि एम्युलेटरमधे याची सोय आहे. एफसीईयूएमएम नावाच्या कोअरच्या ऑप्शन्समधे 'रीजन' आहे, त्यात एनटीएससी, पाल आणि तिसरं नाव 'डेंडी'. डेंडी हे रशियातल्या नकली डब्याचं नाव, स्टीपलर नावाच्या कंपनीने १९९२ साली तिथे काढलेला. रशियन पोरं मोठी झाली, इंजिनिअर झाली, आपला डबा कसा चालायचा ते त्यांनी मोजलं, लिहून ठेवलं आणि आज अनेक एम्युलेटरमधे त्यांचं लहानपण एका ऑप्शनच्या रूपाने बसलेलं आहे. आपल्याकडेही इंजिनिअर काही कमी नाहीत, हिंजवडीत एक दगड मारा, तिघांना लागेल. पण जालन्याच्या बाजारात कुठले डबे आले, त्यांच्यात कुठली चिप होती, पिवळ्या कॅसेटमधे नेमके कुठले गेम होते, यातलं किती कोणी लिहून ठेवलंय? मी शोधायला गेलो तर हाताला फार थोडं लागलं. आम्ही आपले 'डेंडी' निवडतो आणि गप्प खेळतो. आणि ग्रुपवर भांडतो कशावर, तर मियूचा पांढरा रंग चांगला की पारदर्शक जांभळा.

*

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही, कारण ती टाळणारे सगळेच आहेत. या यंत्रांबरोबर येणारं कार्ड. दहा हजार गेम, वीस हजार गेम. ते चोरीचे असतात, दुसरा शब्द नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम विकत घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं, पण आमची पिवळी कॅसेट स्वतःच चोरीची होती, तेव्हा मी कोणाला शहाणपणा शिकवणार? एवढंच म्हणतो की दहा हजार गेम हे ९९९९ इन १ चं नातवंड आहे. तेव्हाही आकडा डब्यावर होता आणि खेळायचो आठ. त्या कार्डांचा दर्जा असा की आज ना उद्या ती दगा देतात, म्हणून ते काढून ठेवा आणि बऱ्या कंपनीचं कार्ड घाला. पैसे देऊन घ्यायचं म्हणाल तर कोनामीने २०१९ साली कोंट्राचे जुने गेम एकत्र करून अधिकृतपणे विकायला काढले, पीसीवर मिळतात. आणि त्याच वर्षी आलेला 'मायक्रो मेजेस' नक्की बघा. नव्या लोकांनी जुन्या मशीनसाठी लिहिलेला, सगळा मिळून ४० किलोबाइट, एकाच वेळी चौघं खेळतात, आणि त्याची रॉम ते स्वतः विकतात. माझ्या टीमचा लॉगिनचा बटण असलेला पानाचा आयकॉन याच्यापेक्षा मोठा आहे.

माझ्या एक्सेलात आता सहा कॉलम उरलेत. टीव्हीला जोडता येतं का. दुसरा पॅड लागतो का. चित्र न फाटता बसतं का. बॅटरी किंवा कार्ड गेलं तर तालुक्याला मिळेल का. इथे येऊन नक्की किती पडतं. सहावा कॉलम 'ताईला आवडलं का', त्यात सध्या एकच 'हो' आहे.

ते 'हो' असं आलं. पुण्याहून मी भाच्याला व्हिडिओ कॉल करून ते डेंडीचं सेटिंग बदलायला लावलं. पोराने दोन मिनिटांत केलं, आमच्या सपोर्ट टीमला अर्धा दिवस लागला असता. महिन्याभराने घरी गेलो तर टीव्हीसमोर ताई बसलेली, एक नंबरचा पॅड अर्थातच तिच्याकडे, तीन जाऊन वीस वर्षं झाली तरी. मला दोन नंबरचा. टँक लावला. पहिल्याच मैदानात तिने मला गोळी घातली. (या खेळात आपल्याच जोडीदाराला गोळी लागली की तो थोडा वेळ जागेवर गोठतो, हे ज्यांना आठवतंय त्यांना ती मुद्दाम घातलेली होती हेही कळेल.) मी गोठलेला, शत्रूचे टँक खाली उतरतायत, ती त्यांना अडवायला घाईने वळली आणि स्वतःच्याच गोळीने आमचा गरुड फोडला.

"तुझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

भाचा मागे उभा होता. "मेले ना? द्या आता रिमोट."